तब्येत पुन्हा सुधारावी म्हणून

सर्वप्रथम अभिनंदन. आठ महिने मोजून-मापून खाल्लंत, पहाटे उठून चाललात, आणि बारा किलो उतरवलेत. हनुवटी आणि गळा यांच्यामधली हद्द पुन्हा दिसायला लागली. अर्धे लोक "कसं जमवलंत?" म्हणून विचारतायत. उरलेले अर्धे आवाज खाली आणून विचारतायत, "सगळं बरं आहे ना? फारच खंगलात." आता तुमच्यापुढे खरं काम आहे : हे बारा किलो परत कसे आणायचे? काळजी करू नका. घालवायला जेवढा घाम गाळलात, त्याच्या दशांशही आणायला लागत नाही. मी स्वतः हे तीनदा करून दाखवलं आहे.

सुरुवात व्याकरणापासून करा. "डाएट करतोय" ऐवजी "डाएट केलं होतं" म्हणायला लागा. क्रियापद भूतकाळात गेलं की वजन वर्तमानकाळात येतं. परीक्षा झाल्यावर पुस्तकं माळ्यावर जातात, तसं खाण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाका आणि वजनकाटा पलंगाखाली सरकवा, अगदी भिंतीपर्यंत.

काटा चुकून हाती लागलाच आणि दोन किलो जास्त दिसले, तर "पाणी असेल" म्हणा. पहिल्याच आठवड्यात झरझर उतरलेल्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा होता, हे मात्र आठवू नका. तेव्हा ते तुमचं कर्तृत्व होतं. उतरतं ते कर्तृत्व, चढतं ते पाणी.

काही मंडळींपासून मात्र सावध राहा. अमेरिकेत १९९४ पासून 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री' नावाचं एक नोंदणीपुस्तक चालू आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलं असेल, तरच त्यात नाव लागतं. या हजारो माणसांकडे काहीतरी गुपित असेल म्हणून मी मोठ्या आशेनं वाचायला घेतलं, तर निघालं काय? बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात आणि न्याहारी चुकवत नाहीत. वर्षानुवर्षं हेच. काय ही रटाळ माणसं! यांच्या नादी लागलात, तर बारा किलोंना कायमचे मुकाल.

तुमचं स्वतःचं शरीर मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्या, म्हणजे त्या बारा किलोंच्या, बाजूनं उभं आहे. चरबी गेली म्हणून तुम्ही जल्लोष केलात, पण चरबीच्या पेशी कुठेही गेलेल्या नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की भरपूर वजन उतरलेल्या माणसातही या पेशींची संख्या तेवढीच राहते, त्या फक्त आकसतात. पाहुणे गेल्यावर गाद्या गुंडाळून ठेवाव्यात तशा. पाहुणे परतणार हे घराला ठाऊक आहे.

वर त्या आकसलेल्या पेशींकडून मेंदूला जाणारा, 'साठा पुरेसा आहे' असं सांगणाऱ्या लेप्टिन या हॉर्मोनचा निरोप क्षीण होतो, आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला. जठरातून येणारं, भुकेची हाळी देणारं घ्रेलिन वाढतं. हे महिन्या-दोन महिन्यांत निवळत असेल असं वाटतं ना? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात लोकांना दहा आठवडे अगदी कमी खायला दिलं होतं. वर्षानंतर तपासलं, तरी भुकेचे हॉर्मोन पूर्वपदावर आलेले नव्हते. तुम्ही विसरलात, शरीर विसरत नाही. सावकाराची वही आहे ती.

खर्चाच्या बाजूलाही शरीरानं काटकसर मांडलेली असते. टीव्हीवरच्या एका वजन-उतरवणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि विश्रांती घेतानाही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. टाळ्या कधीच थांबल्या होत्या, काटकसर चालू होती.

हे वाचताना एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवतो. सतत लागणारी भूक हा आपल्या चारित्र्यातली खोट नसून शरीराचा हिशेब आहे, असं तुमच्या लक्षात येऊ शकतं. मग तुम्ही दोन किलो वाढताच शांतपणे काटा बाहेर ओढाल, जेवणात थोडा बदल कराल, आणि सगळा खेळ तिथेच संपेल. असं होऊ देऊ नका. दोन किलो वाढले की स्वतःला मनसोक्त शिव्या घाला. "माझ्यात जिद्दच नाही" म्हणा, आणि ज्याच्यात जिद्दच नाही त्यानं उगाच कशाला झगडायचं, या शुद्ध तर्कानं पुढचे दहा येऊ द्या.

व्यायाम एकदम बंद करू नका, चारचौघांत दिसतं. तो बक्षिसाच्या बोलीवर करा. वीस मिनिटं चाललात की दोन तास चालल्याइतकं खाणं हक्कानं मिळवलंत असं समजा. हिशेब मनातल्या मनातच ठेवा, कागदावर आला की बिघडतो. "इतकं कमी खाऊनही वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या काही जणांचं १९९२ साली अमेरिकेत काटेकोर मोजमाप झालं. ते आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं हो. मनातला हिशेब असाच मायाळू असतो.

फावल्या वेळात इतरांना सल्ले द्या. बारा किलोंच्या जोरावर तुम्ही आता तज्ज्ञ आहात. सल्ल्याला बैठक लागते, बैठकीला खायला लागतं, आणि बोलता बोलता हात ताटाकडे किती वेळा गेला हे वक्त्याला कधीच आठवत नाही. (हा लेख लिहिताना माझ्या शेजारी काय आहे, ते विचारू नका.)

एवढं करूनही वजन हटून बसलं, तर कौतुकाची वाट पाहा. हा उपाय सहसा फसत नाही. वजन उतरत होतं तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी थांबवून विचारायचं. ते स्थिर झालं की कुणी विचारणार नाही. "अरे वा, चौदा महिने झाले, तुम्ही एकाहत्तरवरच!" असं म्हणत आजवर कुणीही कुणाला मिठी मारलेली नाही. रोजचा तो तास, रोजचं ते मोजणं, आणि बदल्यात काट्यावर कालचाच आकडा. अशा बिनटाळ्यांच्या नाटकात माणूस किती दिवस उभा राहील?

मग एके दिवशी जिन्यात धाप लागेल, पँटचं बटण श्वास रोखून लावावं लागेल, आणि "फारच खंगलात" म्हणणारे तेच गृहस्थ समोरून येतील. तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतील, चेहरा खुलेल, पाठीवर थाप पडेल.

"वा! तब्येत सुधारली की हो तुमची!"