अमेरिकेतल्या काउंटीची सबसिडी: त्या आकड्याबद्दल खुलासा
एक मेसेज फिरतोय की अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सरकारने शेतकऱ्यांना कित्येक कोटी डॉलर वाटले, म्हणजे तिथला प्रत्येक शेतकरी दरवर्षी घरबसल्या लाखो डॉलर कमावतो. हे चूक आहे. असे काउंटीवार आकडे बहुतेक वेळा १९९५ पासूनची सगळी बेरीज असतात, एका वर्षाचे नसतात, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय! शिवाय त्यात सगळं एकत्र धरलेलं असतं, दुष्काळाची मदत, भाव पडल्यावरची भरपाई, आणि जमीन १०-१५ वर्षं पडीक ठेवून गवत लावायचं त्यासाठी सरकार देतं ते भाडं, जे बऱ्याचदा जमीनमालकाला मिळतं, तो स्वतः शेती करत असो वा नसो.

घरबसल्या म्हणाल तर पीक असो-नसो मिळणारं ठरावीक डायरेक्ट पेमेंट होतं, पण ते २०१४ च्या शेती कायद्याने बंद झालं. आताची भाव-भरपाई मका, गहू, सोयाबीन अशा ठरावीक पिकांचा भाव ठरलेल्या पातळीखाली गेला तरच मिळते, तीसुद्धा त्या शेतावर पूर्वी अशा पिकांखाली नोंदलेल्या एकरांच्या ८५ टक्क्यांवरच. भाजीपाला, फळं ही पिकं तर या भरपाईत येतच नाहीत.

मोठ्या शेतांना जास्त वाटा जातो हे मात्र खरंय, त्यावर जरूर बोला, पण सरासरी काढून छोट्या शेतकऱ्याला फुकटखाऊ म्हणू नका.