‘गाणी स्वस्त झाली, मग तक्रार कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाण्यांच्या ॲप्सविषयीच्या माझ्या तक्रारीवर इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाण्यांच्या ॲप्समध्ये चढाओढ लागली, दर पडले, श्रोत्याचं भलंच झालं. दोनचार ॲप्स बंद पडली तर बाजारात तसं व्हायचंच. नाही पटलं तर दुसरं ॲप घ्यावं, उगाच गळा काढू नये.

दर पडले हे अगदी खरं. 2019 आठवा. फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं, महिना 119 रुपये, आणि जाहिराती ऐकायची तयारी असेल तर फुकट. मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक 99 रुपयांत आलं. एप्रिलमध्ये ॲपल म्युझिकने 120 चे 99 केले. गाना, जिओसावन, विंक आधीपासून होतेच. श्रोत्यांची चंगळ होती.

पण ती स्वस्ताई कुणाच्या जिवावर चालली होती? विंक एअरटेलचं, जिओसावन जिओचं. गिऱ्हाइकाने सिमकार्ड बदलू नये म्हणून गाणी हाताशी ठेवलेली. रेसो या ॲपच्या मागे टिकटॉकवाली बाइटडान्स. मागच्याने हात आखडता घेतला की पुढचं दुकान बंद! गानाने 2022 मध्ये फुकट ऐकणं थांबवलं, रेसो जानेवारी 2024 अखेर भारतातून गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

शिवाय गाण्यांचे हक्क बहुतेक वेळा ॲपकडे नसतातच, ते गाणी काढणाऱ्या कंपन्यांकडे असतात. 2023 च्या मार्चमध्ये करार पुढे सरकला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गायब झाली होती. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाही ती मिळेनात.

म्हणजे माल येतो त्याच कंपन्यांकडून, साधारण सगळीकडे तोच. मग चढाओढ कशात व्हायला हवी होती? माझ्या मते, गाण्याची निगा कोण राखतं यात. एखादं जुनं भावगीत लावून बघा. गायकाचं नाव दिसतं, कवी आणि संगीतकार सापडतीलच असं नाही. साल पाहावं तर साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणापुढे कुठल्याशा ‘सर्वोत्कृष्ट’ संकलनाचं साल. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ हौसेतून उभं राहिलं, तिथे प्रत्येक गाण्याला गीत, संगीत, स्वर अशी रीतसर नोंद असते, राग माहीत असेल तर तोही. जे हौसेने जमलं, ते एवढा पैसा ओतणाऱ्यांना का जमू नये?

‘दुसरं ॲप घ्या’ म्हणणं सोपं आहे. माझ्या आईने एका ॲपवर पहाटेच्या भक्तिगीतांची मोठी यादी मन लावून जमवली होती. ॲप बदलायची वेळ आली तेव्हा यादी हलवून देणारी बाहेरची सेवा वापरली. एकीकडे गाण्यांची नावं देवनागरीत, दुसरीकडे रोमनमध्ये, तीही वेगवेगळ्या स्पेलिंगची. काही गाणी सापडलीच नाहीत. काहींच्या जागी कीबोर्डच्या साथीवर कुणीतरी नव्याने गायलेली त्याच नावाची गाणी येऊन बसली. आई दोन ओळी ऐकून म्हणाली, “हे नव्हे ते.” त्यानंतर तिने ते ॲप उघडलेलंच नाही. अशा माणसाला बाजारातली स्पर्धा काय कामाची?

मोबाइलचं बघा. 2011 मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर मिळाली आणि नंबर जाईल या भीतीने अडकलेलं गिऱ्हाईक सुटलं. ते कंपन्यांनी आपखुशीने केलं नव्हतं, त्यासाठी नियम करावा लागला. श्रोत्याची यादी मूळ ध्वनिमुद्रणाच्या ओळखीसकट दुसऱ्या ॲपवर नेता आली पाहिजे, असा नियम गाण्यांसाठीही हवा, ही माझी मागणी आहे. त्यासाठी दर थोडे वाढले तरी चालेल, मी भरेन. तुम्ही खुल्या बाजाराची बाजू घेता, मग या नियमाला तुमचा पाठिंबा असायला हवा. नसेल तर का, ते जरूर लिहा.