एव्हरेस्टवरचे जीवाश्म प्रलयाचा पुरावा नाहीत

‘एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री शंख सापडले, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी प्रलयाचं पाणी तिथवर चढलं होतं.’ हा फॉरवर्ड, बर्फात ठेवलेल्या तळहाताएवढ्या शंखाच्या फोटोसकट, आता घरातल्या सातवीतल्या मुलीच्या प्रकल्पवहीत चिकटवला गेला आहे. म्हणून त्यातले मुद्दे एकदाचे तपासू.

आधी पाणी. समुद्राची पातळी ८,८४८ मीटरनी वाढवायची तर सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर जादा पाणी लागेल. सगळ्या महासागरांत मिळून आज आहे सुमारे १३३ कोटी. तिपटीहून जास्त पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे, यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

‘शंख माथ्यावर सापडले’ हे तर सर्वांत चुकीचं. पुराने आणलेली वस्तू खडकावर साचते. हे जीवाश्म खडकाच्या आत आहेत. साधारण ८,६०० मीटरच्या वरचं शिखर ऑर्डोव्हिशियन काळातल्या, ४४ कोटींहून अधिक वर्षं जुन्या करड्या चुनखडीचं आहे. हारुताका साकाई आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या शोधनिबंधात तिच्यातले ट्रायलोबाइट (कवचधारी, खंडित शरीराचे समुद्री जीव), क्रिनॉइड (तारामाशाचे देठदार नातेवाईक) आणि ऑस्ट्राकॉड (शिंपल्यासारख्या कवचातले चिमुकले जीव) यांचे तुकडे नोंदवले. दगडाचा काप काचपट्टीवर ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, तेव्हा हे तुकडे नीट ओळखता येतात. फोटोतल्यासारखा अख्खा, गुळगुळीत शंख त्या थरातला नाही. शिवाय ट्रायलोबाइट २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले. पाच हजार वर्षांपूर्वीचा पूर असता तर आजच्या समुद्रातल्या तिसऱ्या, कालवं तिथे मिळायला हवी होती. या चुनखडीच्या खालच्या पिवळ्या पट्ट्याचा तर उष्णतेने आणि दाबाने संगमरवर झाला आहे. पुराच्या पाण्याने खडक असा भाजून निघत नाही.

‘सह्याद्रीच्या दगडावरही ॲसिड टाकलं की फेस येतो, म्हणजे पाणी तिथेही होतं.’ सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब चुनखडीवर कुठेही टाका, फसफसतो. सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेल्या लाव्हारसाचा काळा खडक. त्यावर तो फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर फसफसतो, कारण लाव्हारसातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, भरलं. थेंब काळ्या भागावर टाकून पाहा, चूक लगेच कळेल. नागपूरकडे बेसाल्टच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे.

शाळिग्राम समुद्री जीवांचे अवशेष आहेत, एवढं मात्र मान्य करावं लागेल. नेपाळमधल्या काली गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष समुद्री जीवांचे जीवाश्म. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता हेही खरं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला भिडला आणि त्या समुद्राच्या तळाचे थर दुमडत, एकमेकांवर चढत उचलले गेले.

वहीत शंखाऐवजी शिखराचा छेद काढावा: खाली नॉर्थ कोल या खिंडीच्या नावाच्या थरातले शिस्ट आणि फिलाइट (उष्णता-दाबाने बदललेले पापुद्र्यांचे खडक), त्यावर पिवळा पट्टा, मग प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक जिथे तुटून सरकले त्या भेगेची, तिरकी रेघ आणि तिच्यावर करडी चुनखडी.