आर्टेमिया जिवंत आहे म्हणजे पौष्टिक आहे असं नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मँडरिन मासा किंवा सीहॉर्स (समुद्री घोडा) काही खात नसेल तर आर्टेमियाची, म्हणजे माशांना खाऊ घालतात त्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची, अंडी उबवा, पिल्लं आठवडाभर बरणीत ठेवा आणि रोज थोडी घाला, बाकी काही लागत नाही. प्लीज असं करू नका.

अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगतं, मासा खातो तेव्हा त्याला मिळतो तो हाच बलक, पण पहिली कात टाकल्यावर तो संपायला लागतो आणि उपाशी ठेवलेलं पिल्लू दिसायला वळवळतं पण आतून रिकामं असतं. म्हणून ताजी पिल्लं लगेच घाला, उरलेली फ्रिजमध्ये ४ अंशाला एखाद दिवस ठेवा.

दुसरं म्हणजे आर्टेमियात मुळातच डीएचए (माशांना लागणारं एक ओमेगा-३ फॅटी ॲसिड) जवळपास नसतं, त्यामुळे कात टाकलेल्या पिल्लांना आधी १२ ते २४ तास डीएचएचं इमल्शन (पाण्यात मिसळणारं तेलाचं द्रावण) खाऊ घालावं लागतं, मोठ्या आर्टेमियालाही तेच.

आणि सीहॉर्सला अन्न साठवणारं जठरच नसतं, मँडरिन दिवसभर टिपत फिरतो, एका वेळच्या खाण्यावर दोघांचंही भागत नाही. मँडरिनसाठी टिस्बेसारखे कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) रेफ्युजियममध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या मासे नसलेल्या वेगळ्या कप्प्यात, वाढवा, त्यांची पैदास नीट सुरू झाल्यावरच मासा आणा.