पासपोर्टचा क्रमांक आणि पाहुण्यांची परवानगी

पासपोर्टांची जागतिक क्रमवारी जाहीर झाली की महाराष्ट्रात दरवर्षी तीच चर्चा नव्याने रंगते. भारतीय नागरिकाला किती देशांत व्हिसाशिवाय जाता येते, गेल्या वर्षीपेक्षा आपण वर चढलो की खाली घसरलो, चिप बसवलेला नवा ई-पासपोर्ट सर्वांच्या हाती आला की परिस्थिती पालटेल का, यावर हिरिरीने लिहिले-बोलले जाते. या चर्चेमागची सल खरी आहे. मात्र इंग्लंडमधील स्विंडन शहरात राहून ती वाचताना मला वाटते की, आपण ज्या मापाने मोजतो आहोत ते मापच आता जुने झाले आहे.

ज्यांना व्हिसा लागत नाही अशा परदेशी पाहुण्यांनाही आता अनेक देशांत जाण्यासाठी निघण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियाने ही पद्धत 1996 मध्ये आणली, अमेरिकेने 2009 मध्ये ती सक्तीची केली; कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया त्याच वाटेने गेले. ब्रिटनने 2023 मध्ये कतारच्या नागरिकांपासून आरंभ केला, 8 जानेवारी 2025 पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांचे नागरिक आणि 2 एप्रिल 2025 पासून युरोपीय नागरिक तिच्या कक्षेत आले. 25 फेब्रुवारी 2026 पासून अंमलबजावणी कडक झाली असून, परवानगीची नोंद नसेल तर विमान कंपनी अशा प्रवाशाला विमानात चढूच देत नाही. पूर्वी हीथ्रोवर उतरल्यानंतर जो निर्णय होत असे, तो आता घरून निघण्याआधीच होतो. तेव्हा व्हिसामुक्त देशांची संख्या कितीही वाढली, तरी अशा देशांत पूर्वपरवानगीतून जवळपास कोणाचीच सुटका नाही. खरा फरक आहे तो ती परवानगी कोणाला कशी मिळते, यात.

हा फरक स्विंडनमध्ये अगदी जवळून दिसतो, कारण येथे गोव्यातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते, आणि ब्रिटन युरोपीय संघात असताना त्या पासपोर्टवर असंख्य माणसे येथे कामाला आली. अशा घरातल्या दोन भावांपैकी एकाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि दुसऱ्याने भारतीयच ठेवला, तर येथील बहिणीला भेटायला येताना दोघांचे मार्ग पूर्णपणे वेगळे होतात. पहिला भाऊ मोबाइलवरील ॲपमध्ये पासपोर्टच्या पानाचा फोटो काढतो, फोन पासपोर्टवर टेकवून त्यातील चिप वाचून घेतो, चेहऱ्याचे छायाचित्र देतो, गुन्हेगारी आणि दहशतवादाविषयीच्या मोजक्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि शुल्क भरतो. एप्रिल 2025 मध्ये हे शुल्क 10 वरून 16 पौंड झाले. बहुधा त्याच दिवशी उत्तर येते आणि परवानगी दोन वर्षे चालते.

दुसऱ्या भावाला मात्र सहा महिन्यांच्या व्हिसासाठी शुल्क मोजून (एप्रिल 2025 च्या दरपत्रकात ते 127 पौंड होते) आणि बोटांचे ठसे देऊन, आपण परत येणारच आहोत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. माझ्या आईवडिलांच्या अर्जाची फाइल मी स्वतः लावली आहे, त्यामुळे या सिद्धतेचा अर्थ मला पुरेपूर ठाऊक आहे. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्र, सावंतवाडीजवळच्या जमिनीचा सातबारा आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, माझे निमंत्रणपत्र, माझ्या पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार. आयुष्यभर एकाच गावात नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला आपली मुळे त्या गावात आहेत याचा पुरावा गोळा करावा लागतो, हे पाहताना मनाला लागते.

यावर ब्रिटनची बाजूही मी समजून घेतो. मुदत संपूनही न परतणाऱ्यांची चिंता निराधार नाही. जॉर्डनच्या नागरिकांना फेब्रुवारी 2024 मध्ये इलेक्ट्रॉनिक परवानगीची सोय मिळाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती काढून पुन्हा व्हिसा लावण्यात आला, कारण अनेकांनी तिचा वापर भेटीव्यतिरिक्त इतर हेतूंसाठी केला, असे सरकारचे म्हणणे होते. अमेरिकाही व्हिसामाफी देताना त्या देशाच्या नागरिकांचे किती अर्ज फेटाळले जातात हे पाहते आणि ते प्रमाण सर्वसाधारणपणे 3 टक्क्यांखाली असावे असा तिचा कायदा आहे. देशाचा मान, अर्थव्यवस्थेचा आकार किंवा पासपोर्टमधील चिप यांमुळे हे दरवाजे उघडत नाहीत. म्हणूनच सरसकट व्हिसामुक्तीची मागणी आज पुढे सरकेल, असे मला वाटत नाही.

मागण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि तिचे उदाहरण युरोपीय संघाने घालून दिले आहे. एप्रिल 2024 मध्ये त्याने भारतीयांसाठी नियम बदलले: गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांत एकत्रित चालणारा व्हिसा) घेऊन ते नियमानुसार वापरणाऱ्याला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. येथे विश्वास राष्ट्रीयत्वावर न ठेवता माणसाच्या वागणुकीवर ठेवला आहे. ब्रिटनमध्येही दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, पण त्याच 2025 च्या दरपत्रकात त्याची किंमत 475 पौंड होती, आणि पुढचा अर्ज करताना मागच्या वेळी वेळेत परतलेल्या माणसालाही बरीचशी फाइल पुन्हा लावावी लागते. ज्यांचे ठसे, छायाचित्र आणि ये-जा यांची नोंद ब्रिटिश सरकारपाशी आधीच आहे, अशा भारतीय पाहुण्यांना पुढील भेटींसाठी त्याच इलेक्ट्रॉनिक परवानगीच्या रांगेत उभे राहू द्यावे, यात सुरक्षेची तडजोड कोणती? पोर्तुगीज पासपोर्टवर प्रथमच येणाऱ्या भावापेक्षा वारंवार येऊन परतलेल्या भारतीय भावाची माहिती त्यांच्याकडे अधिक आहे.

भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै 2025 मध्ये व्यापार करार झाला, आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मुंबईत येताना त्यांनी व्हिसाचा विषय त्या कराराचा भाग नसल्याचे सांगितले. तेव्हा आपल्याकडे जो नाराजीचा सूर उमटला, तो प्रामुख्याने नोकरी आणि शिक्षणाच्या व्हिसांविषयी होता. मुलांना भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचा उल्लेख त्यात क्वचितच आढळला. कुटुंबभेटीचा व्हिसा नाकारला गेल्यास पूर्ण अपील करण्याचा जो हक्क होता, तोही ब्रिटनने 2013 मध्ये काढून घेतला. आता नकार आला की पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि पुन्हा तोच सातबारा, आणि तोवर बाळंतपण किंवा लग्न उरकून गेलेले असते. दोन्ही सरकारांची पुढची बोलणी होतील तेव्हा नियमाने येऊन परतलेल्यांसाठी हलकी परवानगी आणि कुटुंबभेटीच्या नकाराची दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, या दोन मागण्या भारताने मांडाव्यात, आणि त्यांसाठीचा आग्रह महाराष्ट्रातील ज्या घरांची मुले येथे आहेत त्या घरांनी आपापल्या खासदारांकडे धरावा.