फुकटच्या गेमला जाणकार फार

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला माणूस सहसा नावं ठेवत नाही. ठेवली तर आपण फसलो हे चारचौघांत मान्य करावं लागतं. पंखा खडखड वाजत असला तरी मालक पाहुण्याला सांगतो, "आवाज सोडा, वारा बघा की." फुकट आलेल्या वस्तूला ही अडचण नाही. तिथे प्रत्येकजण परखड.

मला हे कळलं ते फोनमधल्या एका फुकट गेममुळे. गेम कळायला एक संध्याकाळ पुरली. त्याच्याविषयीची मतं अजून येतायत.

गेम भाच्याने टाकून दिला. तो इंजिनीअरिंगसाठी आमच्याकडे जुळे सोलापुरात राहतो आणि माझ्या फोनला स्वतःच्या फोनचं गोडाऊन समजतो. "मामा, रोगलाइट टॉवर डिफेन्स आहे. फुकट आहे," म्हणाला. पहिलं वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. दुसरं बरोबर बसलं.

प्रकार असा. एक वाकडातिकडा रस्ता असतो. एका टोकाकडून शत्रूंच्या लाटा येतात, दुसऱ्या टोकाला आपला वाडा. रस्त्याच्या कडेने, नाहीतर रस्त्यातच आपण बुरूज बांधायचे, बाणाचा, तोफेचा, बर्फाचा, विषाचा. बुरूज आपले आपण मारत सुटतात, मेलेल्या शत्रूमागे सोनं मिळतं, त्यातून पुढचा बुरूज. इथवर जुनाच मामला. २००७ साली माकडांनी फुगे फोडायचा ब्लून्स आला, २००९ साली अंगणातल्या झाडांनी मुडदे अडवायचा प्लांट्स वर्सेस झोम्बीज आला, तेव्हापासून पोराटोरांना हे पाठ आहे. नवं ते पुढे. प्रत्येक लाटेनंतर तीन पत्ते समोर येतात, त्यातला एकच उचलायचा. पत्ते दरवेळी वेगळे, रस्ताही वेगळा. आणि वाडा पडला की सगळं पहिल्यापासून. ही रीत १९८० च्या 'रोग' या गेमची. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचं ते काम. त्यात चित्रं नव्हतीच. अक्षरांचं भुयार, इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस, आणि मेलात की मेलात. आताचे गेमवाले जरा दयाळू. मेल्यावर थोडी नाणी हातावर ठेवतात, त्यातून पुढच्या खेपेला वाडा मजबूत करून घ्यायचा.

बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हरल्याचा बोनस. तुमच्या कारखान्यात जिंकल्यावर तरी मिळतो का?"

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बोनसचा विषय घरात काढायचा नसतो हे तिलाही माहीत आहे, पण असो.

पहिलं अधिकृत मत मिळालं चहाच्या टपरीवर. तिथे मोबाइल रिपेअरिंगवाला एक पोरगा येतो. माझ्या स्क्रीनकडे त्याने एकदाच पाहिलं आणि तोंड कडू केलं. "लई बंडल गेम आहे मालक. कशाला टाइम घालवता? पंधराव्या लाटेपर्यंत झोप येते आणि विसाव्या लाटेला डायरेक्ट मारतो. मधलं काय नाहीच. आणि अठ्ठाविसाव्या लाटेचा उडणारा राक्षस तर बगच आहे. चाळिसाव्यानंतर तर काय बोलायलाच नको."

चाळिसावी लाट! आम्ही दहाव्या लाटेला घाम पुसणारी माणसं. फोनमध्ये कुठला ॲप किती वेळ उघडा होता हे सांगणारा एक चुगलखोर असतो, डिजिटल वेलबीइंग म्हणतात त्याला. रिपेअरिंगवाल्याच्या मित्राने त्याचा फोन ओढून तो उघडला. त्या आठवड्यात या बंडल गेमला रोजचे साडेचार तास लागले होते. "काय करलालास बे तू एवढा वेळ?" मित्राने विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "चेक करलालो. नीट चेक केल्याशिवाय वाईट कसं म्हणायचं?"

याला म्हणतात सचोटी. खोटं बोलत नाही मी, त्याचं मत सगळ्यांत अभ्यासपूर्ण होतं. टपरीवरचे बाकीचे एक-दोन लाटा खेळून 'भारी आहे' म्हणाले आणि त्यांचा कोणी विचारही केला नाही. या खेळात स्तुती करणारा नवखा समजला जातो. शिव्या देणाऱ्याला मान असतो, आणि किती तास खेळून शिव्या देतो त्यावर मानाची पायरी ठरते.

दुसरे जाणकार आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले काका. या गेममध्ये लाट संपताना हातात जे सोनं शिल्लक असेल त्यावर व्याज मिळतं. हे त्यांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी बुरूज बांधणं जवळजवळ सोडलं. दोन बाणांचे बुरूज उभे करायचे आणि बाकी सगळं सोनं ठेवायचं. "चक्रवाढ आहे हो! कोण देतंय आजकाल असं व्याज?" शत्रू दारात आलेत, वाड्याला आग लागलीय आणि काका वरच्या कोपऱ्यातला आकडा वाढताना बघतायत. बाराव्या लाटेला ते अत्यंत श्रीमंत अवस्थेत मरतात. रोज. आणि त्यांचं गेमविषयी एकच मत आहे, मेल्यावर ते सोनं वारसाला मिळालं पाहिजे, नॉमिनीची सोय नाही म्हणजे गेम अपुरा.

सकाळी ते किल्ला बागेत फिरायला जातात, त्यामुळे तटबंदीच्या विषयात आपला अधिकार आहे असंही त्यांना वाटतं. "आपला भुईकोट बघा. दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. बुरूज कुठं कुठं आहेत ते नीट बघा आणि मग गेममध्ये बांधा. या परदेशी पोरांना तटबंदी काय कळणार?"

रिपेअरिंगवाल्याने विचारलं, "मग १८१८ साली इंग्रजांनी घेतला कसा काका?"

"तेव्हा तिजोरीत पैसा नव्हता," काका म्हणाले.

घरात भाचा असतोच. त्याची मतं तो मत म्हणून सांगत नाही, निकाल म्हणून सांगतो. बर्फाचा बुरूज आधी, तोही वळणावर, कारण शत्रू तिथे जास्त वेळ टप्प्यात राहतो. बाण मागे. तोफ गर्दीसाठी, एकट्या राक्षसावर तोफ म्हणजे पैसे पाण्यात. हे सगळं खरं आहे, मी पडताळून पाहिलंय. पण तुम्ही शांतपणे एक लाट अडवत असताना मानेमागून "नाय... नाय... नाय मामा... गेलं" एवढंच ऐकू येत असेल तर खरेपणाचा काय उपयोग? आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, येतं ते अवेळी येतं. पाळीच्या रात्री टाकी भरेपर्यंत जागायचं असतं, तेवढा माझा हक्काचा खेळायचा वेळ. तर हा पठ्ठ्या झोपेतून उठून येतो, मोटर चालू आहे का ते न बघता माझे पत्ते बघतो आणि "विष घेतलं असतं तर" म्हणून परत झोपायला जातो.

विषाचा बुरूज. त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. पण त्याआधी कारखान्यातला प्रसंग.

जेवणाची सुट्टी होती. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. माझी विसावी लाट चालू होती, म्हणजे ज्या लाटेला गेम 'डायरेक्ट मारतो' ती. समोर राक्षस, रस्ताभर रुंद. त्याच्या डोक्यावरची लाल पट्टी कमी होत होत केसाएवढी उरलेली. शेवटच्या वळणावर माझा एकच भक्कम विषाचा बुरूज, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाण्यांनी वाढवलेला. मी श्वास रोखलेला. आमचे सुपरवायझर शेजारी बसून मत देत होते. आधी लांबून देत होते. मग भाकरीचा तुकडा डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे आला, "हे बघा, हा वाढवायचा आता," म्हणत त्यांनी बोट टेकवलं. बोटाला चटणी होती. बोट घसरलं. या गेममध्ये बुरूज वाढवायचं बटण आणि विकायचं बटण एकमेकांना खेटून आहेत, दोन्ही हिरवी. 'खात्री आहे का?' असं विचारायची पद्धत नाही. छनछन असा गोड आवाज झाला, अर्ध्या किमतीचं सोनं माझ्या खात्यात आलं आणि राक्षस रिकाम्या जागेवरून डुलत डुलत वाड्यात शिरला.

सुपरवायझरांनी बोट चाटलं. "बटणं लई जवळ दिलेत," म्हणाले. "फुकट आहे म्हणून काय झालं?"

हे त्यांचं मत मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. स्क्रीनवर तेलाचा तो डाग दोन-तीन दिवस होता, त्यातून माझ्या वाड्याला इंद्रधनुष्य पडायचं.

कारखान्यात एकच माणूस असा की ज्याने स्वतःहून मत दिलं नाही. जॅकार्ड मागावर काम केलेले वयस्कर मास्तर, घरी तेलुगू बोलणारे. उभ्या-आडव्या धाग्यांत उभी हयात गेलेली. त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये हाच गेम आहे असं मला कळलं, म्हणून मीच विचारलं. त्यांनी माझा फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि बुरूज शत्रूला मारायला म्हणून नव्हे, वाटेत आडवे लावायला सुरुवात केली. शत्रूंना वाट काढत नागमोडी फिरावं लागलं. सरळ दहा पावलांची वाट चाळीस पावलांची झाली. "लांब चालू द्या त्यांना सर," एवढंच म्हणाले आणि फोन परत केला. पंधरावी लाट बाणांच्या बुरुजांवर निघाली. गेम चांगला की वाईट हे त्यांना विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

यावर टपरीवर खूप चर्चा झाली. मास्तरांचं डोकं की नशीब? पत्ते चांगले आले असतील, असा एक पक्ष. या पक्षाला आमच्या घरातून बळ मिळालं, कारण बायकोने एकदा पोळ्या झाल्यावर सहज फोन घेतला आणि तिला पहिल्याच लाटेनंतर सोनेरी पत्ता आला. सोनेरी पत्ता म्हणजे काय हे मी तोवर फक्त भाच्याकडून ऐकलं होतं. तिने तो "हा रंग बरा आहे" म्हणून उचलला आणि गॅस बंद करून येईपर्यंत सात लाटा आपोआप मेल्या. "सोपा आहे की," असं मत देऊन तिने फोन ठेवला. ती त्यानंतर खेळलेली नाही. तिला गरज नाही.

आता विष. या गेमचा कर्ता, जगात कुठे असेल तो, दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती सोडतो. एकाचं बळ वाढवायचं, दुसऱ्याचं कमी करायचं. पोरं त्याला बफ आणि नर्फ म्हणतात. तर एका सकाळी विषाचा बुरूज नर्फ झाला. विष पूर्वी साठत जायचं, आता तीन थेंबांपुढे साठत नाही. त्याच आवृत्तीत सोन्यावरच्या व्याजाला कमाल मर्यादा आली.

टपरीवर सुतकच. रिपेअरिंगवाल्याने चहा अर्धा ठेवला. "आख्खा गेम विषावर उभा होता मालक. तेवढी एकच चीज त्याने बरी केली होती." गेल्या महिन्यात हाच मुलगा सांगत होता की विषामुळे गेमची मजा गेली, दुसरं काही बांधावंच लागत नाही. काकांचं दुःख वेगळं. त्यांनी आयुष्यभर व्याजदर कमी झाल्याची परिपत्रकं लोकांना वाचून दाखवली, आता पहिल्यांदाच ते काउंटरच्या बाहेर उभे होते. "आधी जाहीर करायला नको? जुन्या ठेवींना जुना दर द्यायला नको?" असं म्हणत त्यांनी भाच्याकडून कर्त्याला इंग्रजी पत्र लिहून घेतलं. 'आम्ही आपले जुने ग्राहक' अशी सुरुवात होती. भाचा म्हणाला, "काका, आपण एक रुपया दिलेला नाही. जाहिरातीसुद्धा तुम्ही फ्लाइट मोड टाकून चुकवता." काकांनी ते वाक्य पत्रात घालू दिलं नाही.

आता सगळ्यांचं एकमताने म्हणणं आहे की जुना गेम सोनं होता. बंडल, अपुरा, झोप आणणारा, बटणं खेटून असलेला तोच जुना गेम. पण परत मिळणार कसा? अपडेट झाला की झाला.

माझ्या फोनची जागा भाच्याच्या कॉलेजच्या व्हिडिओंनी कधीची भरलेली. अपडेट घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे माझ्याकडे विष अजून साठतं आणि व्याजाला मर्यादा नाही. ही बातमी कोणी फोडली माहीत नाही. रविवारी सकाळी दारात काका आणि रिपेअरिंगवाला पोरगा, दोघं एकदमच. पोरगा म्हणाला, "मालक, त्या फोनला चुकून पण वायफाय जोडू नका." काका काही बोलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन पंख्याखालची खुर्ची घेतली आणि खिशातून स्वतःचा चार्जर काढला.