शिमग्याची पारध आणि ‘परंपरेला सूट’ सांगणारा मेसेज

शिमगा जवळ आला की खानापूर-बेळगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पारध, म्हणजे गावाने मिळून खेळायची शिकार, हा आपला वारसा आहे. परंपरेच्या शिकारीला कायद्यात सूट आहे. बंदूक न वापरता कुत्र्यांनी धरलेलं जनावर शिकारीत मोजत नाहीत. पारध बंद पडल्यामुळेच रानडुकरं वाढली. गावचे वीरगळ, म्हणजे मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, शिकाऱ्यांचेच आहेत, आणि भीमगड अभयारण्यात आफ्रिकेसारखं शिकारीचं पर्यटन सुरू केलं तर हा सगळा वारसा सावरेल.

पारधीबद्दलची ओढ मला कळते. देवाला गाऱ्हाणं घालून अख्खा गाव रानात उतरायचा आणि घरटी वाटा पोचायचा, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ती असणारच. पण या मेसेजवर विसंबून पोरं रानात गेली तर कोर्टाच्या खेपा त्यांच्या आईबापांना घालाव्या लागतील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती ‘सूट’. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परंपरागत शिकारीचे हक्क राखलेत ते फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे, कलम 65 मध्ये. आपल्याकडे कुणालाच नाहीत. मेसेजमध्ये 2006 च्या वनहक्क कायद्याचा दाखला आहे. त्या कायद्यात कसणुकीची जमीन, गौण वनोपज, चराई असे हक्क आहेत, इतर पारंपरिक हक्कही आहेत, पण त्याच वाक्यात शिकार आणि सापळे लावणं स्पष्ट वगळलेलं आहे. मेसेजमधलं कोडगू (कूर्ग) जिल्ह्याचं उदाहरणही फसवं आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा नावाची वंशपरंपरागत जमीन असणाऱ्यांना सवलत आहे ती बंदुकीच्या परवान्यातून. जनावर मारायची मुभा त्यांनाही नाही.

कुत्र्यांची गोष्ट त्याहून धोक्याची, कारण ती पोरांना खरी वाटते. कायद्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, कुत्र्यांनी पाठलाग करवणं, फासकी लावणं, हाका घालून जनावर उठवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं तिच्यात बसतं. रिकाम्या हाताने परतलात तरी गुन्हा होतो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत असलेल्या रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गवा, घोरपड, खवल्या मांजर ही पहिल्या अनुसूचीतली. त्यांच्यापैकी काही मारलं, किंवा अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान 25 हजार दंड. हाक्यात झाडीतून काय उठेल हे कुणाच्याच हातात नसतं.

रानडुकरांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका रात्रीत भाताचं शेत आडवं झालेलं ज्याने पाहिलंय त्याला कायदा सांगणं क्रूरपणाच वाटेल. गव्यांचा आणि दांडेलीकडून येणाऱ्या हत्तींचाही त्रास आहे. पण वर्षातून एकदा खेळलेल्या पारधीने डुकरं आटोक्यात राहत होती, हे पटत नाही. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, आणि उसाच्या फडात तिला बारमाही आडोसा, पाणी, चारा तिन्ही मिळतं. बेळगाव जिल्ह्यात ऊस किती पसरलाय ते आपण बघतोच. ‘डुकराला उपद्रवी ठरवलंय, मारलं तरी चालतं’ हेही मेसेजमध्ये आहे. 2015-16 मध्ये केंद्राने तशा अधिसूचना काढल्या त्या बिहार आणि उत्तराखंडासाठी, त्याही ठरावीक भागापुरत्या आणि मुदतीपुरत्या. आपल्याकडे सरळ वाट त्याच वन्यजीव कायद्यातल्या कलम 11 ची. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो.

वीरगळांबद्दल जे लिहिलंय त्याने मला सर्वात जास्त वाईट वाटलं. देवळामागे, तळ्याकाठी, वेशीजवळ शेंदूर फासलेले हे दगड बहुतेक लढाईत, गाव राखताना किंवा गुरं सोडवताना मेलेल्यांचे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसल्या तर समजावं, हा गोधनासाठी पडला. वाघाशी किंवा डुकराशी झुंजणारा वीरही आढळतो, पण क्वचित. त्यातला सर्वात हृद्य दगड मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा, दहाव्या शतकातला. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाकडून मणलेर नावाच्या योद्ध्याला मिळालेली ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री रानडुकराशी लढताना मेली, तिच्यासाठी तो उभारला, आणि तिची पूजा चालू राहावी म्हणून जमीनही दिली. शिकारीचा वारसा जपायचा तर असा जपता येतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी सांभाळलेली कुत्र्यांची जात घ्या. 2005 मध्ये ती टपाल तिकिटावर आली, आणि ती टिकवायला एकही ससा मारावा लागत नाही.

राहिली आफ्रिका. नामिबियात शिकारीच्या पैशातून काही गावांना उत्पन्न मिळतं, हे खरं आहे. पण तो देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा आणि लोक सुमारे 30 लाख. आपला एकटा बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा, आणि 2011 च्या जनगणनेत लोक जवळपास 48 लाख. भीमगड अभयारण्य सगळं मिळून 190 चौरस किलोमीटर, त्यात माणसांची गावं, गुरं, पायवाटा. तिथे हौशी शिकाऱ्याची गोळी कुठे जाऊन लागेल? आणि केनियाने 1977 मध्येच शिकार बंद केली, तरी तिथलं जंगल बघायला जगभरातून लोक येतातच. भीमगडचा किल्ला, म्हादईचा उगम, हळशीची कदंबकालीन देवळं बघायला येणाऱ्याला वाटाड्या लागतो. पाऊलखुणांवरून जनावर ओळखणारा जुना पारधकर त्या कामाला सर्वात लायक, आणि त्याचं मानधन गावातच राहतं.

तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी यंदा एवढं करावं. ज्याच्या शेतात नासधूस झाली त्याच्याकडून त्याच दिवशी फोटो काढून घ्यावेत, सर्व्हे नंबरासह वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्ज कन्नडमध्ये असतो आणि आपल्यातले कितीतरी म्हातारे शेतकरी तिथेच अडतात. तो भरून देणारा एक पोरगा प्रत्येक ग्रुपमध्ये नक्कीच आहे.